मेणबत्त्यांच्या खणातला फोन

एकदा एका वृद्ध धर्मगुरूंकडे इनास नावाचा बागायतदार धापा टाकत आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचे लग्न होते आणि शेजारच्याच बागेत राहणारा थोरला भाऊ येणार की नाही, याची खात्री नव्हती. वडिलांनी लावलेला फणस इनासने न विचारता तोडला, तेव्हापासून सात-आठ वर्षे दोघांत अबोला होता.

"फादर, मोबाइलमधल्या त्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून माफीचा मजकूर लिहून घेतला, पाठवला. दादानं वाचला, पण उत्तर नाही. आता तुम्हीच काहीतरी चांगलं लिहून द्या."

धर्मगुरूंचा तरुण शिष्य उसळून म्हणाला, "मी कधीचा सांगतोय, यंत्राला काळीज नसतं! फादर, रविवारच्या प्रवचनात याचा निषेध कराच. मी लिहूनही ठेवलाय."

धर्मगुरूंनी मजकूर सावकाश वाचला. "सुंदर आहे. याहून चांगलं मला जमणार नाही." एवढे बोलून त्यांनी फोन मेणबत्त्यांच्या खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावले. "जा, हेच दादाला तोंडानं सांगून ये."

"पण मला ते पाठ नाही, फादर!"

"आठवेल तेवढं सांग."

इनास पुटपुटत गेला. शिष्य येरझारा घालू लागला. सायंप्रार्थनेची घंटा झाली, तेव्हा कुठे इनास परतला. डोळे लाल, चेहरा मात्र मोकळा.

"दारात गेलो आणि सगळंच विसरलो. एवढंच म्हटलं, 'दादा, फणसाचं चुकलं माझं.' तर म्हणाला, 'मेल्या, तुझा मेसेज वाचून मला वाटलं वकिलाची नोटीस आली! आत ये, जेवून जा.' उद्या सगळ्यांच्या आधी मांडवात उभा राहणार आहे तो!" आणि इनास आला तसाच पळाला.

"बघा, हरलं ना यंत्र?" शिष्य म्हणाला.

धर्मगुरू हसले. "अबोला धरला तेव्हा हे यंत्र कुठे होतं, बाळा? उलट, आपलं चुकलं हे इनासनं पहिल्यांदा या यंत्रापाशीच कबूल केलं. तिथे लाज वाटत नाही. सरावाला ते बरं आहे. पण आपण दारात उभे राहतो, तेव्हा समोरच्याला आपल्याला हाकलून देता येतं. तो धोका पत्करणं म्हणजेच माफी मागणं. तेवढं मात्र दुसऱ्या कुणाकडून करून घेता येत नाही."

इनास फोन विसरला होता. तो पोहोचवायला निघताना शिष्याने आपला निषेधाचा कागद काढला, क्षणभर पाहिला आणि खणात फोनच्या जागी ठेवून दिला.

आपणही कुणाच्या उत्तराची वाट पाहत असू, तर फोन घरी ठेवून निघावे. आजच.