उंदरासाठी मूठभर ज्वारी

एकदा एका तरुण रंगाऱ्याला त्याच्या काकांकडून वारसा म्हणून अजगर मिळाला. हसू नका, ते नगरच तसं होतं. कुठे लोक कबुतरं पाळतात, कुठे पोपटांना बोलायला शिकवतात; डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या त्या नगरात अजगर पाळण्याची हौस होती. आज कुणी असला नाद केला तर वनखात्याची माणसं दारात उभी राहतील, आणि ते योग्यच आहे. कथेतलं नगर मात्र जुनं आहे, आणि तिथल्या लोकांचा आपापल्या अजगरांवर मनापासून जीव होता, एवढं गृहीत धरून पुढे चला.

काकांचा अजगर म्हणजे सात हात लांबीची मादी होती. काका तिला आक्का म्हणत. त्यालाही कारण होतं. रंगारी सात वर्षांचा असताना त्याचे आईवडील गेले आणि काकांनी त्याला आपल्या घरी आणलं, तेव्हा ती त्या घरात आधीपासून नांदत होती. "ही तुझ्याआधी आली, म्हणून ही थोरली," असं काकांनी पहिल्याच दिवशी त्याला बजावलं. काकांनी लग्न केलं नव्हतं. घरात दोन माणसं आणि एक आक्का, एवढाच संसार. तिच्या खोलीत मात्र काका कुणाला फिरकू देत नसत. पुतण्याने रंगाची भट्टी सांभाळावी, कापडं वाळत घालावीत, आणि संध्याकाळी दाराबाहेरून "आक्का जेवली का?" एवढं विचारावं.

शेवटच्या आजारात काकांनी पुतण्याचा मनगटापर्यंत निळा झालेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. म्हणाले, "दुकानाचं तुला वाटेल ते कर. आक्काला सांभाळ." कसं सांभाळायचं, ते सांगायच्या आत ते गेले.

आता या जगात रंगाऱ्याचं म्हणावं असं कोणी उरलं असेल, तर ती आक्का. तिला काही झालं तर काकांना दिलेला शब्द जाणार होता, आणि घरही रिकामं होणार होतं. तेव्हा तो शिकायला निघाला.

नगरातली अजगरवाली मंडळी संध्याकाळी तळ्याच्या पायऱ्यांवर जमत. त्यात एक कासार होता, एक वैद्य होता, एक धान्याचा व्यापारी होता, आणखीही होते. सगळे अनुभवी, आणि सगळे बोलायला उत्सुक. कासार म्हणाला, दर आठवड्याला खायला घाल. वैद्य म्हणाला, महिन्यातून एकदा, त्याहून जास्त घातलंस तर चरबी चढेल. व्यापारी म्हणाला, त्याने मागितलं की घालावं, अजगर डोळ्यांनी मागतो. रंगारी तिघांनाही नमस्कार करून उठला तेव्हा त्याला आधीपेक्षा कमी समजत होतं.

मात्र एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला एक म्हातारा एकटाच बसे. त्याने साठ वर्षं अजगर पाळले होते आणि त्याच्या हातून एकही गेला नव्हता. "शिकायचं तर त्यांच्याकडे," असं सगळे म्हणाले. रंगारी त्या म्हाताऱ्याकडे गेला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "आक्कावाल्या रंगाऱ्याचा पुतण्या ना तू? उद्यापासून ये."

म्हातारा बोलून शिकवत नसे, करून दाखवत असे. पाण्याचं पात्र अजगर पूर्ण बुडून बसेल एवढं मोठं हवं, हे त्याने सांगितलं नाही; तसलं पात्र शिष्याच्या डोक्यावर ठेवून विहिरीपासून आणायला लावलं. अजगराचे डोळे दुधासारखे पांढुरके झाले की कात टाकायची वेळ आली, त्या दिवसांत त्याला शिवायचं नाही, हे शिष्याला म्हाताऱ्याच्या बंद दारावरून समजलं. जेवण झालेल्या अजगराला आठ दिवस उचलायचं नाही, हेही तो तसाच शिकला. शिष्य हुशार होता. बघून त्याला बरंच कळत गेलं.

एक गोष्ट मात्र कळेना. म्हातारा अजगराच्या खोलीत जिवंत उंदीर सोडायचा, आणि दार ओढून घेण्याआधी कोपऱ्यात मूठभर ज्वारी टाकायचा. शेजारी करवंटीत पाणीही ठेवायचा. जो उंदीर घटकाभरात अजगराच्या पोटात जाणार, त्याला ही मेजवानी कशासाठी?

शिष्याने विचारलं, "आजोबा, उंदराला ज्वारी का?"

म्हातारा हसला. म्हणाला, "बघत राहा. कळेल."

शिष्याने हे तळ्यावर सांगितलं, आणि तिथे जणू सगळे याच प्रश्नाची वाट पाहत होते. कासार म्हणाला, "अरे, मरणाऱ्याला शेवटचा घास आहे तो. केवढी ती करुणा!" व्यापारी म्हणाला, "आपल्या उंबऱ्याच्या आत आला तो अतिथी. मग तो उंदीर का असेना. मी हे माझ्या मुलीच्या लग्नात सांगितलं तेव्हा वऱ्हाडी मंडळींच्या डोळ्यांत पाणी आलं." वैद्याने दोघांना हाताने थांबवलं. "तुम्हाला वरवरचं दिसतं. म्हातारा स्वतःला आठवण करून देतो, की आपणही एका बंद खोलीत दाणे टिपत बसलो आहोत आणि काळ कोपऱ्यात वेटोळं घालून बसला आहे." हे ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. वरच्या पायरीवर म्हातारा तळ्याकडे बघत बसला होता. त्याला सगळं ऐकू जात होतं.

शिष्याला वैद्याचा अर्थ फार भावला. घरी येऊन त्याने आक्काच्या खोलीत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने उंदीर सोडला, ज्वारीची मूठ टाकली, आणि त्याला खरोखर भरून आलं. आक्काने उंदीर घेतला. पावसाळा सरेपर्यंत ती चारदा जेवली. काका असते तर त्यांनी पाठ थोपटली असती, असं त्याला वाटू लागलं.

मग थंडी पडली आणि आक्काने खाणं सोडलं.

दहा दिवस झाले, वीस झाले. तो म्हाताऱ्याकडे गेला. म्हातारा म्हणाला, "थांब. थंडीत त्यांना भूक नसते. माझा एक अजगर चार महिने जेवला नव्हता." शिष्य थांबला, पण स्वस्थ बसणं त्याला जमेना. रस्त्याने जाताना लोक आपुलकीने विचारत, "काय रे, आक्का जेवली का?" लहानपणी हाच प्रश्न तो काकांना रोज विचारत असे. आता तो त्याच्यावर येऊन आदळत होता, आणि दर वेळी त्याला तो ठपक्यासारखा लागत होता. मनात येई, काका असते तर ती जेवली असती.

चाळिसाव्या दिवशी त्याने मिळाला त्यातला सगळ्यांत मोठा उंदीर आणला आणि खोलीत सोडला. सवयीने त्याचा हात ज्वारीच्या मडक्यात गेला. मूठ भरलीही. तेवढ्यात त्याचं लक्ष आक्काकडे गेलं. ती कोपऱ्यात निपचित पडली होती. तिच्या पाठीचा कणा वर आला आहे, असं त्याला वाटलं. हिच्या पोटात चाळीस दिवस अन्नाचा कण नाही, आणि मी हिच्यासमोर उंदराला जेवायला वाढू? त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने सकाळपासून स्वतःही काही खाल्लं नव्हतं. करुणा, अतिथी, काळ, हे सगळं आक्का जेवल्यावर बघू, असं म्हणून त्याने मूठ मडक्यात परत सोडली. करवंटीही भरली नाही. दार ओढून घेतलं. अजगर जेवत असताना डोकावायचं नाही, हे तो म्हाताऱ्याकडे शिकला होता. त्याने दोन दिवस डोकावलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने दार उघडलं तेव्हा उंदीर आक्काच्या वेटोळ्यावर बसलेला होता. थंडीने जड झालेली आक्का हललीही नव्हती. तिची पाठ वीतभर कुरतडली गेली होती, आणि एका ठिकाणी आत पांढरं हाड दिसत होतं.

निरोप मिळताच म्हातारा अनवाणी आला. त्याने कोमट पाण्याने जखम धुतली, हळदीचा लेप दिला, भट्टीजवळच्या विटा गरम करून फडक्यात गुंडाळून तिच्याभोवती ठेवायला लावल्या. मग त्याने रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"ज्वारी?"

"नाही टाकली," शिष्य म्हणाला.

"का?"

"ती उपाशी होती, आजोबा. हात मडक्यात गेला होता, पण तिच्यासमोर उंदराला खायला घालायला मन होईना."

म्हातारा भिंतीला टेकून खाली बसला. त्याचं वय एकदम अंगावर आल्यासारखं दिसलं. म्हणाला, "ज्वारी आक्कासाठीच होती रे."

शिष्याला कळेना.

"अजगराला भूक नसली तर तो उंदराला धरत नाही. मग उंदीर खोलीत अडकून पडतो. त्याला भूक लागते, तहान लागते. खोलीत दुसरं काही नसेल तर तो समोर असेल त्याला दात लावतो. ज्वारी असली की ज्वारी खातो. म्हणून टाकायची."

"एवढंच?"

"एवढंच."

शिष्याच्या तोंडून निघालं, "मग तुम्ही सांगितलं का नाहीत? मी विचारलं होतं."

म्हाताऱ्याने ते नाकारलं नाही. तो म्हणाला, "विचारलं होतंस. आणि मी हसलो. जो स्वतः शोधतो त्यालाच विद्या येते, असं मी लोकांना सांगत आलो. ते खोटं नाही. पण मी हसलो ते त्यासाठी नाही. तळ्यावर ते तिघे माझ्या ज्वारीचे अर्थ लावायचे. मला वरच्या पायरीवर ऐकू यायचं. एकदा तरी म्हणायला हवं होतं, की अहो, उंदीर चावू नये म्हणून टाकतो. नाही म्हटलं. अर्थ जसजसे मोठे होत गेले, तसतसा मीही मोठा होत गेलो, आणि मला ते गोड लागायचं. करुणा म्हणून टाकलेली ज्वारी माणूस अडचणीच्या वेळी आधी थांबवतो, हे मला कळायला हवं होतं. कारण ठाऊक असतं तर तू थांबवली नसतीस. तुझा हात मडक्यात गेला होता, म्हणालास ना?"

"मूठ भरली होती," शिष्य म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. सगळ्यांना अर्थ कळला आहे, मलाच नाही, असं दिसेल म्हणून."

आक्का अकरा दिवस जगली. त्या दिवसांत म्हातारा रोज सकाळी येई आणि दिवे लागण्याच्या वेळेला परत जाई. लेप बदलायचे, विटा बदलायच्या, तिच्या तोंडाशी पाणी न्यायचं, सगळं दोघांनी मिळून केलं. बाराव्या दिवशी दुपारी विटा अजून कोमट होत्या आणि ती गार पडली होती. त्यांनी तिला भट्टीच्या मागे पुरलं. जे घर सोडून काका गेले होते, त्या घरात आता "जेवली का?" असं विचारायला कोणी नव्हतं आणि ज्याच्याबद्दल विचारावं असंही कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्हातारा तळ्यावर गेला. तो वरच्या पायरीवर बसला नाही, मंडळींत येऊन बसला, आणि त्याने ज्वारीचं कारण सांगितलं. आक्का कशी गेली आणि त्यात आपली चूक किती, तेही सांगितलं. सगळे खाली बघू लागले. कासार पुटपुटला, "एवढंच होतं होय?" त्याची निराशा लपत नव्हती. वैद्य म्हणाला, कारण खरं असलं तरी आपला अर्थही अगदीच टाकाऊ नाही. व्यापाऱ्याने मात्र उठताना आपल्या नोकराला घरी पिटाळलं. त्याच्या अजगराच्या खोलीत तीन दिवसांपासून एक उंदीर होता, ज्वारीशिवाय.

शिष्याने पुन्हा अजगर पाळला नाही. तो म्हाताऱ्याकडे मात्र जात राहिला, कारण म्हाताऱ्याचे हात आता कापत आणि पाण्याचं पात्र त्याला उचलवत नसे. खोलीत उंदीर सोडला की म्हातारा मडक्यातून मूठ भरून कोपऱ्यात टाकायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "उंदीर चावू नये म्हणून." ते शिष्याइतकं त्या नगरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी म्हातारा प्रत्येक वेळी सांगत राहिला, आणि शिष्य प्रत्येक वेळी "हो आजोबा" म्हणत राहिला.

ही कथा ऐकून झाली की लोक मला तिचा अर्थ विचारतात, आणि खरं सांगतो, हसून गप्प बसायचा मोह मलाही होतो. म्हणून आधीच सांगून टाकतो: तुमच्याकडे कोणी कारण विचारायला आलं, तर त्याला कारण सांगा.