चढावरचा क्लच

"मग यातला कुठला बसवू, उस्ताद?"

हणमंतानं क्लचच्या सेटची दोन्ही खोकी बाकावर शेजारी शेजारी मांडली होती, एक लाल आणि एक निळं. उद्या शेवटचा ट्रक खाली जाणार होता. त्यानंतर खिंड बंद, ती बर्फ वितळेपर्यंत. एक सेट ठेवायचा, दुसरा ट्रकनं दुकानदाराकडे परत धाडायचा.

उस्ताद शेगडीवर हात शेकत होते. "तुला कुठला हवाय?"

"लाल."

"मग विचारतोस कशाला?"

हणमंतानं लाल खोकं जवळ ओढलं.

उस्ताद म्हणजे सुभेदार रघुनाथ निकम. लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यावर माण तालुक्यातल्या घरी परतायचं सोडून ते लाहौलकडच्या डोंगरांतल्या एका मठात राहिले. मठाला छोटा दवाखाना होता. हिवाळ्यात नदीकाठच्या गावातून आजारी माणूस वर आणायचा, तर बर्फावर चालणारी एकच स्कूटर होती आणि तिच्या मागे पेशंटची घसरगाडी.

हणमंत शेडगे उस्तादांच्याच तालुक्यातला. मातीतल्या मोटरसायकल शर्यतींत त्यानं नाव काढलं होतं, आणि ते नाव तो कुणाला विसरू देत नसे. आतापर्यंत तो उस्तादांच्या हाताखाली स्कूटर चालवायचा; या हिवाळ्यापासून ती पूर्णपणे त्याच्या हाती येणार होती.

पण गेल्या हिवाळ्यातली एक गोष्ट त्याच्या जिवाला लागून राहिली होती. नदीकाठच्या गावातल्या सोनम आजोबांना तो वर आणत असताना जुना क्लच घसरायला लागला आणि गाडी निम्म्या चढावर अडकली. गावकरी दोर घेऊन येईपर्यंत म्हातारा घसरगाडीत बांधलेलाच पडून होता. जीव वाचला, पायाची बोटं गेली. हणमंतानं तेव्हाच कानाला खडा लावला. या चढावर पुन्हा थांबायचं नाही.

"लाल सेट शर्यतीचा आहे," तो म्हणाला. "स्प्रिंग कडक. इंजिन चांगलं जोरात फिरल्याशिवाय क्लच पकडत नाही. पण पकडला की गाडी अशी झेपावते."

"आणि निळा?"

"तो मऊ आहे. लवकर पकडतो, हळूहळू ओढतो. म्हाताऱ्या माणसाचा क्लच आहे तो." मग त्याच्या लक्षात आलं. "तुम्हाला नाही म्हटलं, उस्ताद."

"नाही ना? बरं झालं सांगितलंस. बसव लाल."

हणमंतानं दुपारपर्यंत लाल सेट बसवला. गाडी नदीपर्यंत उतरवली आणि एका दमात वर आणली. मागे बर्फाचा धुरळा उडाला. मठाच्या दारात तो उतरला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता.

"बघितलंत?"

"बघितलं. आता घसरगाडी जोड."

दोघं पुन्हा नदीपाशी उतरले. हणमंत हँडलकडे वळला, तर उस्ताद तिथं आधीच बसलेले.

"झोप मागे," ते म्हणाले.

"मी?"

"मग कुणी? दोघांतल्या एकाला तरी चालवता यायला हवं."

हणमंत नाराजीनं घसरगाडीत आडवा झाला. उस्तादांनी त्याचे पट्टे आवळले, छाती, कंबर, पाय. हातही आत घेतले. आता त्याला फक्त आभाळ दिसत होतं.

इंजिन गरजलं. गाडी मात्र जागची हलेना. इंजिन आणखी गरजलं... आणि एकदम हिसका बसला. हणमंताचं डोकं घसरगाडीच्या मागच्या नळीवर आदळलं. तोंडात बर्फ गेला.

निम्म्या चढावर उस्तादांनी ब्रेक दाबला.

"का थांबलात?"

उत्तर नाही.

"उस्ताद, इथं नका थांबू. हीच ती जागा."

पुढून फक्त इंजिनाची घरघर.

वारा सुटला होता. पायांत थंडी शिरत होती. समोर काय चाललंय ते दिसत नव्हतं आणि हात हलत नव्हते. हणमंताला सोनम आजोबा आठवले. आजोबा त्या दिवशी सारखं काहीतरी विचारत होते. आणि आपण क्लचमध्ये डोकं घालून बसलो होतो, एकदाही मागे वळून बघितलं नाही, हे त्याला आत्ता कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

पुन्हा इंजिन गरजलं. पुन्हा हिसका. या वेळी छातीचा पट्टा बरगडीत रुतला.

वर पोचल्यावर उस्तादांनी पट्टे सोडले. "कसा आहे क्लच?"

हणमंत उठून बसला. खालचा ओठ फुटला होता.

"निळा बसवतो," तो शेवटी म्हणाला.

"बसव."

"पण त्याला जोर पुरला नाही तर? पुन्हा अडकलो तर?"

"मला काय विचारतोस? चढ तिथंच आहे."

ऊन कलायच्या आत निळा सेट बसला. दोघं खाली उतरले. या वेळी उस्ताद काही न बोलता घसरगाडीत आडवे झाले. हणमंतानं पट्टे बांधले, मानेखाली घोंगडी घातली, ती नीट बसली का ते हातानं चाचपून पाहिलं.

"निघतोय, उस्ताद."

"हं."

गाडी सरकली. वेग काही डोळ्यांत भरण्यासारखा नव्हता. शर्यतीतला हणमंत आतून चुळबुळत होता, पण त्यानं गॅसच्या खटक्यावरचा अंगठा आवरला.

निम्मा चढ आला. तीच जागा.

इथं थांबायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तरी त्यानं हळूच ब्रेक दाबला. मागे वळून पाहिलं. उस्तादांचे डोळे मिटलेले, श्वास संथ चाललेला. मग पुढं बघून त्यानं अंगठा केसभर दाबला. क्लचनं पकडलं... आणि गाडी अलगद निघाली.

मठाच्या दारात हणमंत उतरला. कुठलं खोकं परत जाणार, हे आता विचारायचं कारण उरलं नव्हतं. तरी त्याला एकदा उस्तादांच्या तोंडून ऐकायचं होतं. तो घसरगाडीशी गुडघ्यावर बसून पट्टे सोडू लागला.

"निम्म्यात थांबलो होतो, उस्ताद. मुद्दाम. भरल्या गाडीनं, त्याच जागी."

उस्तादांनी डोळे उघडले. क्षणभर त्याच्याकडे पाहिलं.

"थांबला होतास? कधी?"