देऊन टाकलेली हाळी

फार पूर्वी, धुकं रोज संध्याकाळी पाहुण्यासारखं घरोघर यायचं त्या काळी, एका मोठ्या तळ्याच्या काठी शिंगाडे काढणाऱ्यांचं एक गाव होतं. तळं केवढं, तर पलीकडच्या काठावरची झाडं म्हणजे नुसती एक निळी रेघ. गावातले पुरुष सकाळी होड्या घेऊन पाण्यावर जायचे, दिवसभर वेली उलट्या करकरून शिंगाडे तोडायचे आणि दिवस कलला की परतायचे. बायका काठावर चुली मांडून मोठाल्या हंड्यांत शिंगाडे उकडायच्या. ती गोडसर वाफ आणि तळ्यावरचं धुकं एकमेकांत मिसळलं, की हे खरंच गाव आहे की कुणाला पडलेलं स्वप्न, तेच कळायचं नाही.

तळ्याची एकच खोड होती. पूर्वेच्या टोकाला सांडवा होता. जास्तीचं पाणी तिथून खाली दरीत पडायचं. पडण्याचा आवाज सगळा दरीत जायचा, वर पाणी अगदी आरशासारखं शांत. पण आतून त्याला ओढ होती. धुक्यात वाट चुकून एखादी होडी तिकडे गेली, तर ती परत यायची नाही.

म्हणून त्या गावात हाळीची रीत होती. धुकं उतरायला लागलं, की प्रत्येक घरची बाई काठावर उभी राहून हाळी घालायची. नाव घेऊन नाही हं, नुसत्या सुरात. प्रत्येक घराची हाळी वेगळी. कुणाची टिटवीसारखी तुटक, कुणाची पाळण्यासारखी झुलणारी. सासू ती सुनेला शिकवायची, आणि तीसुद्धा सून चांगली रुळल्यावर. तळ्यातला माणूस आपल्या घरची हाळी ऐकायचा आणि आंधळ्यानं दोरी धरून चालावं तसा त्या आवाजाच्या मागे मागे काठाला लागायचा.

त्या गावात दुर्पा नावाची एक शिंगाडेवाली राहायची. नवरा भिवा, माणूस कमी बोलणारा, पण हाताला फार चलाख. दुर्पाची हाळी तीन सुरांची होती. दोन खालचे, आखूड, आणि तिसरा उंच चढून लांबत जाणारा. हू, हू, हूऽऽऽ. ती ऐकली की भिवा कुठेही असो, त्याचं वल्हं आपसूक घराकडे वळायचं.

एक दिवस गावात एक सौदागर आला. डोक्याला केशरी पागोटं, जिभेवर साखर आणि गाडीत पिंजरेच पिंजरे. पिंजऱ्यांत निळ्या पंखांच्या साळुंक्या. एकेक साळुंकी माणसासारखी बोलायची.

"घ्या ताई, घ्या. घरटी एक. फुकट!"

दुर्पाच्या शेजारची ठकूमावशी पुढे झाली. गावात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, हे चुलीच्या आधी हिला कळायचं. "फुकट? मग आम्ही काय द्यायचं?"

"काही नाही मावशी. ती सांगेल ते ऐकायचं, बस. पिंजऱ्याचं दारसुद्धा लावू नका. उडेल, फिरेल, परत येईल."

घराघरात साळुंकी आली. पहिले आठ दिवस काय कौतुक! दूध उतू जायला लागलं की साळुंकी ओरडायची, "दूध! दूध!" मांजर आलं, की "मांजर! मांजर!" वाळवणावर ढग आला, की "उचला, उचला!" दुर्पा तिला रोज उकडलेल्या शिंगाड्याचा तुकडा भरवायची.

नवव्या दिवशी दुर्पा जेवायला बसली होती. साळुंकी ताटाच्या कडेवर येऊन म्हणाली, "दुर्पाबाई, सौदागराकडे खोबरेल आलंय. वासाचं खोबरेल!"

दुर्पाला हसू आलं. पण दुपारी जरा डोळा लागतोय, तर कानाशी, "दुर्पाबाई, बांगड्या आल्यात!" वेणी घालताना, "काजळ आलंय!" देवापुढे हात जोडले, तर पिंजऱ्यातून, "उदबत्त्या आल्यात, दोन घेतल्या तर एक वर!" ठकूमावशीची तर कुचंबणाच झाली. ती बिचारी आवाज बारीक करून सांगायला लागायची, "अगं, मग ती सून सासूला म्हणाली काय..." आणि नेमकी साळुंकी मध्ये, "मलमल आलीय! मलमल!" सून काय म्हणाली ते राहूनच जायचं.

हळूहळू लोकांनी कान मिटून घेतले. साळुंकी बोलायला लागली, की तिच्यावर पाटी पालथी घालायची. पाटीखालूनही ती पुटपुटत राहायची, पण कोण लक्ष देतंय!

सौदागर पुन्हा आला. गावात सगळीकडे पालथ्या पाट्या बघून रागावला नाही हं तो. गोड हसला आणि दुर्पाच्या ओट्यावर टेकला.

"ताई, चूक आमचीच. पाखरू परक्या आवाजात बोलतं, म्हणून तुम्हाला टोचतं. त्याला तुमच्या घरचा आवाज शिकवा. तुमची हाळी आहे ना, तेवढी एकदा हिच्या कानात म्हणा. मग ही घरचीच झाली की नाही?" आणि त्यानं झोळीतून शिंपल्याची एक फणी काढली. धुक्यातल्या चंद्रासारखी ती फिकट चमकत होती. "ही माझ्याकडून. बहिणीला."

दुर्पानं फणीकडे पाहिलं. तळ्याकडे पाहिलं. भिवा लांब पाण्यावर ठिपक्याएवढा दिसत होता. एकदा म्हणायला काय जातंय, असं तिच्या मनात आलं. तिनं साळुंकी हातावर घेतली आणि तिच्या कानात हळूच हाळी म्हटली. साळुंकीनं मान तिरकी करून ऐकली. जशीच्या तशी परत म्हटली.

संध्याकाळी भिवानं फणी पाहिली. "ही कुठली?"

दुर्पानं सांगितलं. भिवानं फणी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "हाळी देऊन टाकलीस?"

"देऊन कुठं टाकली? ऐकवली फक्त. माझी माझ्यापाशीच आहे की."

"हं," एवढंच भिवा म्हणाला आणि वल्ह्याची दोरी आवळायला बसला.

दुर्पा एकटी नव्हती. चार दिवसांत घरोघर फण्या चमकायला लागल्या. ठकूमावशीनं तर दोनदा हाळी ऐकवली. फणी एकच मिळाली, त्याचा राग तिनं महिनाभर धरला.

मग काय व्हायचं ते झालं. एका भर दुपारी भिवा घामाघूम होऊन होडी काठाला लावत होता. "काय झालं? कोण पडलं? हाळी का घातलीस?"

"मी? मी तर हंडा घासतेय!"

तोच होडीच्या टोकावर साळुंकी येऊन बसली. तीन सुरांत तिनं साद घातली, हू, हू, हूऽऽऽ. आणि पुढे म्हणाली, "मलमल आली हो! आजच्या दिवस स्वस्त!"

भिवानं वल्हं उगारलं. साळुंकी उडाली. अर्ध्या दिवसाचे शिंगाडे वेलीवरच राहिले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दोनदा. आता तळ्यावर सगळ्या घरांच्या हाळ्या दिवसभर फिरायला लागल्या. कधी अत्तर आलंय, कधी काजळ आलंय. पुरुष धावत यायचे, चिडून परत जायचे. चौथ्या दिवशी भिवा ओट्यावर बसून पाय धुता धुता म्हणाला, "दुर्पे, आजपासून मी हाळीला वळणार नाही. सूर्य बघेन आणि येईन."

"आणि धुक्यात सूर्य दिसला नाही तर?"

"तर नाही," भिवा म्हणाला.

दोनच दिवसांनी धुकं दुपार कलतानाच आलं. असं दाट, की दुर्पाला स्वतःच्या हातातला झारा दिसेना. बाकीच्या होड्या काठाजवळच्या वेलींवर होत्या. त्या चाचपडत एकेक करून लागल्या. भिवाची होडी नव्हती.

दुर्पा पाण्यात गुडघाभर उतरली आणि तिनं हाळी घातली. हू, हू, हूऽऽऽ.

धुक्यातून हाळी परत आली. डावीकडून. मग उजवीकडून. मग थेट डोक्यावरून. तिच्या आवाजात साळुंक्या तळ्यावर भिरभिरत होत्या. एकीची ऐकून दुसरी शिकली होती. सगळीकडे दुर्पाच दुर्पा.

आणि मग फार लांबून, पूर्वेकडून, भिवाचा वैतागलेला आवाज आला. "बास गं बये! नको आम्हाला मलमल!"

पूर्वेला सांडवा होता.

"अहो, मी आहे! मी, दुर्पा!" ती जीव तोडून ओरडली.

"मी आहे! मी, दुर्पा!" साळुंक्यांनी लगेच उचललं. "मी, दुर्पा! खोबरेल आलंय!"

"आज खोबरेल का?" भिवाचा आवाज आणखी लांब गेला. वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज सांडव्याच्या बाजूला विरत चालला.

"होडी घाला कुणीतरी!" ठकूमावशी रडत म्हणाली. पण पुरुष माना खाली घालून उभे राहिले. हात दिसत नाही तिथे होडी कुठे घालायची? एकाच्या जागी दोघं जायचे.

दुर्पा थांबली. धुकं तिच्या पापण्यांवर थेंब थेंब जमत होतं. सगळं तळं तिच्याच आवाजानं भरलेलं, आणि तिच्याकडे एक सूरही उरला नव्हता. ती काहीही म्हणाली, तरी पाखरं तेच म्हणणार. या म्हटलं, तर तीही या म्हणणार. घ्या म्हणणार. आलंय म्हणणार. स्वस्त म्हणणार.

मग तिला वाटलं, ही पाखरं रोज काहीतरी द्यायला बोलवतात. यांनी कधी रिकाम्या हातानं बोलावलंय का?

ती ओरडली नाही. जसं घरात बोलावं तसं, पण पाण्यावरून लांब जाईल अशा संथ आवाजात बोलायला लागली.

"अहो, माझ्याकडे काही नाही. तेल नाही, अत्तर नाही. काही आलेलं नाही. तुम्ही तेवढे या."

धुक्यात चुबुक चुबुक थांबलं की काय, कळेना.

"चुकलं माझं. सासूबाईंनी मला दोन वर्षं पारखून हाळी दिली, आणि मी ती एका फणीपायी पाखराच्या कानात सांगितली. तुम्ही म्हणालात, देऊन टाकलीस, ते खरं होतं. मी उगाच तोंड वर करून बोलले. मला त्या फणीनं केससुद्धा नीट विंचरता येत नाहीत, दात फार बारीक आहेत. चुकलं. ऐकताय ना? चुकलं माझं."

साळुंक्या गोंधळल्या. एक म्हणाली, "चु..." आणि अडखळली. या बोलण्यात विकायचं काहीच नव्हतं, ते तिच्या चोचीत बसेना. दुसरीनं पुन्हा मलमलच काढली. दुर्पा बोलतच राहिली. चुलीवर काय ठेवलंय, सकाळची भाकरी कशी करपली, ठकूमावशी आता कशी रडतेय, जे सुचेल ते. दोरी तुटू द्यायची नाही, एवढंच तिला ठाऊक होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. धुक्यात एक काळसर डाग झाला. डागाची होडी झाली. होडीचं टोक दुर्पाच्या पोटाशी येऊन टेकलं. ओढीच्या पाण्यातून होडी उलट वल्हवत काढून आणली होती त्यानं.

दुर्पानं ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. भिवा म्हणाला, "चुकलं म्हणणारी साळुंकी अजून कुणी पाहिली नाही. तेव्हा म्हटलं, ही आपलीच असणार."

काठावर सगळे एकदम हसले आणि एकदम रडले.

दुसऱ्या दिवशी गावानं हाती लागलेल्या साळुंक्यांसकट पिंजरे वेशीबाहेर उतरलेल्या सौदागराच्या गाडीत नेऊन ठेवले आणि वर फण्यांची रास. सौदागर हात जोडून म्हणाला, "अहो, पण आता ही पाखरं तुमच्या घरची झालीत!"

"म्हणूनच ने बाबा," ठकूमावशी म्हणाली. "घरचं इतकं बोलणारं आम्हाला एक मी पुरे."

जुन्या हाळ्या मात्र परत मिळाल्या नाहीत. मागे राहिलेल्या काही साळुंक्या पलीकडच्या रानात त्या पुष्कळ दिवस म्हणत राहिल्या. धुक्याच्या संध्याकाळी कुणाची तरी साद यायची आणि कुणीच वळायचं नाही. ऐकून वाईट वाटायचं. मग एकेक घरानं नवी हाळी बांधली. दुर्पानंही बांधली. ती किती सुरांची आहे, हे काढून घ्यायला ठकूमावशीनं किती खटपटी केल्या, वाटीभर खीरही पाठवली. दुर्पानं खीर खाल्ली, वाटी घासून परत दिली आणि हाळीबद्दल चकार शब्द काढला नाही. पण संध्याकाळी ती काठावर गेली की थोड्याच वेळात भिवाचं वल्हं वाजायचं.

तात्पर्य एवढंच: ज्या सादेला आपलं माणूस धावून येतं, ती साद फुकटच्या फणीपायी विकणाऱ्याच्या हाती देऊ नये. दिवसभर भलत्याच कामाला ती वाजत राहिली, तर खऱ्या गरजेच्या वेळी तिला कुणी ओ देत नाही.