तापलेली बॅटरी

"मग काय, नुसतं बघत बसायचं?" सुयोगनं विचारलं.

"हो."

"आणि ती फुटली तर?"

"म्हणून तर लांबून बघायचं," शमूचाचा म्हणाले.

शमूचाचा म्हणजे खाडीतल्या प्रवासी लाँचचे सारंग. चाळीस वर्षं तीच खाडी, तेच सुकाणू. सुयोग त्यांचा चेला. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे जरा जास्तच ठाऊक असलेला. तीन वर्षं हाताखाली शिकल्यावर आज पहिल्यांदा चाचा लाँच एकट्याच्या हातात देणार होते. पठ्ठ्यानं नवा शर्ट घातला होता, बोला!

आणि नेमका आजच बॅटरीनं घात केला. ती धक्क्यावरच्या विजेवर चार्जिंगला लावलेली होती. सकाळी सुयोगनं इंजिनावरचं झाकण उघडलं, तर सडक्या अंड्यांचा भपकारा. बॅटरीच्या कडा फुगलेल्या, आतून सूं सूं आवाज. हा पाना घेऊन तारा सोडवायला खाली वाकला, तोच चाचांनी कॉलर धरून मागे ओढला. तार सोडवताना एक ठिणगी उडाली की साठलेला गॅस पेटतो. हे डिप्लोम्याला शिकवत नाहीत असं नाही हो, पण घाईत आठवतं कुणाला?

चाचा बॅटरीकडे गेलेच नाहीत. धक्क्यावरच्या खांबाकडे गेले आणि तिथलं मेन बटण बंद केलं. उतारूंना उतरवून लांब नेलं, एकाला बिडी विझवायला लावली. मग खांबापाशी बसले.

"पाणी तरी ओतू?"

"नको."

"आतला पंखा लावतो. गॅस निघून जाईल."

"त्याच्या बटणातही ठिणगी असते. झाकण उघडं आहे, वारा आहे. होईल हळूहळू."

"मग मी काय करू?"

चाचा उठले, लुंगी झटकली.

"मी जेवून येतो. लाँचवर कुणाला चढू देऊ नको. तूही चढू नको."

"जेवायला? सकाळी नऊ वाजता?"

पण चाचा गेलेसुद्धा...

थोड्या वेळानं लाँचचे मालक अंतूशेट आले. रोज पहिल्या फेरीआधी इंजिनापाशी स्वतः अगरबत्ती लावायची, हा त्यांचा नेम. हातात काडेपेटी, एक पाय फळीवर.

सुयोग आडवा आला.

"बाजूला हो."

"नाही शेट. अगरबत्ती आज तिकडे पिंपळाखाली लावा. इथे काडी ओढायची नाही."

"देवाच्या कामात आडवा येतोस?"

"येतो."

"अरे, मग काढ ना ती बॅटरी! दहा मिनिटांचं काम. एवढा शिकलेला ना तू? माणसं खोळंबलीत."

माणसं खरंच बघत होती. एका मासेवालीनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि मोठ्यानं म्हणाली, "घाबरला गं बाई हा!" सगळे हसले. सुयोगचे कान लाल झाले. पाना खिशातच होता...

"गार झाली की काढतो," तो म्हणाला. "तोवर कुणी जायचं नाही. मी पण नाही."

अंतूशेट चरफडत पिंपळाकडे गेले. उतारू दुसऱ्या होडीनं गेले. सुयोग तिथेच उन्हात बसून राहिला. नव्या शर्टाचं पार पोतेरं झालं.

चाचांचं जेवण दुपारी साडेतीनला संपलं. तोवर आवाज थांबला होता, वास गेला होता. चाचांनी लाँचकडे बघितलं आणि आणखी तासभर बसवलं. मग डोळ्यांना चष्मे, हातात रबरी मोजे. आधी काळी तार, मग लाल. दोघांनी मिळून बॅटरी बाहेर काढली तेव्हा ती कलिंगडासारखी गार होती.

सुयोगला मनापासून बरं वाटलं. तरी एक गोष्ट सलत होतीच.

"चाचा... आज तुम्ही मला लाँच देणार होता ना? ती तर धक्क्यावरून हललीसुद्धा नाही."

चाचा साबण लावून हात धूत होते.

"दिली की."

"कधी?"

"मी जेवायला गेलो तेव्हा."