रिकाम्या रकान्याचं शीर्षक

“तिला काय विचारायचं, सर? नवी नवरी आहे ती. घरीसुद्धा तोंड उघडत नसेल.”

निनाद कपाटापलीकडून म्हणाला. अलीकडे मी होते, डबा ठेवत.

घरी मी बोलते. कोणी ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी.

जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात आम्ही दोघं खांबेटे सरांच्या हाताखाली शिकत होतो. गावोगावच्या सिस्टर फोनवर आकडे कळवायच्या, मी ते भरायची, निनाद त्यांचे आलेख करायचा. आज त्याने नवीन काढलं होतं. यादीतून गाव निवडलं की आलेखाचं शीर्षक आपोआप बदलायचं.

“आता शीर्षकच बोलतं, सर. दुपारच्या बैठकीत साहेबांना आलेख वाचायलाच नको.”

सरांनी एक गाव निवडलं.

‘पिंपळखोरे : बाळंतपणात दोन मातांचा मृत्यू.’

दुसरं निवडलं.

‘आंबेखोल : एकही मातामृत्यू नाही. अभिनंदन.’

मी कपाटामागून पुढे आले. आंबेखोलचा रकाना मी रिकामा सोडला होता. तिथल्या रेश्मा सिस्टरचा या महिन्यात फोनच नव्हता. एरवी आकडे सांगून झाले की ती हमखास विचारायची, “काय गं, सासूबाईंनी कपाटाच्या किल्ल्या दिल्या का?” तिचेही दिवस भरत आले होते. म्हणून राहिलं असेल, असं मी धरून चालले होते.

“इथे आकडा कुठे आहे?” सर म्हणाले.

“रिकामा आहे. रिकामं म्हणजे शून्य, सर. आणि शून्य म्हणजे चांगलंच.”

“कोणी सांगितलं?”

“सूत्रच तसं लिहिलंय मी.”

…

सरांनी टेबलावरचा फोन त्याच्यापुढे सरकवला.

“सूत्र राहू दे. तिथे विचार.”

निनाद हसला. नंबर मी सांगितला. फोन स्पीकरवर होता. एका पुरुषाने उचलला.

“रेश्मा सिस्टर आहेत का? या महिन्याचे आकडे आले नाहीत त्यांचे.”

“कसले आकडे?”

“बाळंतपणात गेलेल्या बायकांचे.”

…

मागे तान्हं बाळ रडत होतं.

“तीच गेली,” तो म्हणाला. “परवा तेरावं झालं. पोरगी आहे.”



“तुम्हाला कळवायचं होतं का?” त्या माणसाने विचारलं. “मला ठाऊक नव्हतं. कळवायचं काम तिच्याकडं होतं.”

फोन बंद झाला. पडद्यावर ‘अभिनंदन’ तसंच होतं.

निनादने रकान्यात ‘१’ लिहिला. शीर्षक लगेच बदललं.

‘आंबेखोल : बाळंतपणात एका मातेचा मृत्यू.’

“झालं, सर.” त्याचा आवाज खाली गेला होता.

“झालं?”

सर एकेक रिकामं गाव निवडत गेले. अभिनंदन. अभिनंदन. अभिनंदन.

“यांचं काय?”

“काढून टाकतो. रिकाम्यावर शीर्षकच नको.”

“मग साहेब न थांबता पुढे जातील.”

…

निनादने वर पाहिलं. आधी सरांकडे, मग माझ्याकडे. बोटं त्याने कीबोर्डवर ठेवली होती, पण ती हलत नव्हती.

“‘अजून कोणी विचारलेलं नाही’,” मी म्हणाले, “असं लिहा.”