लिंपलेलं दार

झाडं माणसांशी बोलायची, त्या काळची गोष्ट. रानाचा पंच होता कावळा. त्यानं दवंडी दिली, "ज्याची ढोली, त्यानं उद्या वडाखाली हजेरी द्यावी. न येणाऱ्याची ढोली रिकामी धरू."

धनेश पाखराची बायको आली नाही. ती चिखलानं दार लिंपून आत पिल्लं घेऊन बसलेली, आणि फटीतून चारा भरवणारा धनेश वादळात मेलेला.

ढोली मिळाली बेघर खारीला. खार तिथं राहायला गेली, तर फटीत भुकेनं उघडमीट करणारी एक चोच.

ती परतली. "पंचदादा, ढोली भरलेली आहे."

"मग हजेरीला का आली नाही?"

"बाळंतीण दार लिंपून बसते, हे तुम्हालाच ठाऊक नाही होय?"

कावळा उंबरं तोडून त्या फटीकडे उडाला.

तेव्हापासून तिथं पंचच दारोदार फिरून हजेरी घेतो. खारीनं मात्र तो पावसाळा फांदीवर काढला.