पुढचा पत्ता

"बंद कसं करायचं, तेवढंच सांगा."

बसू उंबऱ्यावरूनच बोलला. पायातली चप्पलही काढली नव्हती.

दर्ग्यामागच्या खोलीत इनायत उस्ताद चहा गाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी आत ये."

बसूचा थोरला भाऊ ईरण्णा, त्याचा अण्णा, हा कॉम्प्युटरच्या कामात उस्तादांचा शागीर्द. तालुक्यातालुक्यांतल्या रक्तपेढ्यांचे कॉम्प्युटर वेगवेगळ्या घडणीचे, एकाची भाषा दुसऱ्याला कळायची नाही. ईरण्णाने त्यांना एकमेकांशी बोलतं केलं.

त्याला माती देऊन फार दिवस झाले नव्हते. पण घरच्या कोनाड्यातला त्याचा कॉम्प्युटर अजून चालूच होता. कुठून कुठून दुसऱ्या यंत्रांच्या हाका यायच्या, तो उत्तर द्यायचा, आणि प्रत्येक उत्तराखाली ईरण्णाचं नाव उमटायचं. बसूला ते बघवेना. सकाळी तो वायर उपटायलाच उठला होता. वहिनीने हात धरला, म्हणाली, आधी उस्तादांना विचारून या.

"ओढ वायर. लगेच बंद होईल," उस्ताद म्हणाले. "पण ज्यांच्याकडे त्याचा रेफरन्स आहे, त्यांना आधी कळव."

रेफरन्स म्हणजे काय, हे अण्णा कितीदा सांगू बघायचा. कोण आहे, कुठे राहतो, आणि तिथे गेल्यावर कोणत्या खुणेने हाक मारायची, हे सगळं एका गाठोड्यात बांधलेलं. कुठल्याही यंत्राला सोडता यावं असं गाठोडं. बसू तोंड फिरवायचा. शाळा सोडलेल्याला कशाला शिकवतोस, तुझी यंत्रं तुलाच लखलाभ... शेवटच्या भेटीतही तो हेच बोलून उठला होता.

"कोणाकोणाकडे आहे?"

"ठाऊक नाही."

"अण्णाला तरी ठाऊक असणार की."

"त्यालाही नव्हतं. त्याने एकाला दिला, त्याने पुढे दुसऱ्याला. दिलेला परत मागता येत नाही, बेटा."

बसू खाली बसला...

"मग असलं कधी बंदच होत नाही?"

उस्तादांनी सांगितलं, जुन्या जागी कोणीतरी थांबावं लागतं. हाक आली की म्हणायचं, तो आता इथे नाही, तिकडे विचार. आणि पुढचा पत्ता द्यायचा. हाक मारणारा रुसत नाही, निमूट तिकडे जातो.

तेवढ्यात बसूच्या खिशात फोन वाजला. ईरण्णाचाच फोन, तो गेल्यापासून बसूच बाळगायचा. त्याने न बघताच आवाज बंद केला.

"कोण?"

"रक्तपेढीतली बाई असेल. त्यांचं यंत्र अडलंय, तिचा मेसेज आला होता. अण्णा गेल्याचं तिला माहीत नाही."

"मग तू काय सांगितलंस?"

"उचलतच नाही."

उस्तादांनी चहाचा कप पुढे सरकवला. बसूने तो घेतला नाही. फोन पुन्हा थरथरू लागला.

"इथे नाही, एवढं सांगेन," बसू म्हणाला. "पुढे काय? अण्णाचा कुठला पत्ता देऊ तिला?... मला त्यातलं काही येत नाही, उस्ताद. तो शिकवत होता तेव्हा मी..."

उस्ताद उठले. कोपऱ्यात ईरण्णाचं स्टूल होतं. त्यांनी त्यावरची धूळ पंच्याने पुसली आणि ते आपल्या कॉम्प्युटरसमोर आणून ठेवलं.

फोन थरथरतच होता.

"तिला तुझा पत्ता दे."